गोमुखीबाहेरचा जप

“मग तिला बांधून ठेवू का, बाबा?”

“दोरी आणलीयस?”

विश्वंभर सरांनी आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

“नाही ना आणलीस? मग बांधणार कशानं? इथं एकच दोरी आहे, ती गाईची. ती तुला मिळायची नाही.”

माधवपुरी बाबा असंच बोलायचे. दात सगळे पडलेले, पाठीला बाक आलेला, पण जिभेला म्हातारपण कसलं ते ठाऊक नव्हतं. नवीन माणूस त्यांच्यापुढं पाच मिनिटांत रडकुंडीला यायचा. जुनी माणसं सवयीनं ऐकून घ्यायची.

विश्वंभर काटकर तर फारच जुने. बाबांच्या शिष्यांत त्यांचं नाव सगळ्यात मोठं. ऐन तारुण्यात मठात आले, अनुग्रह घेतला, आणि मग खाली पिंपळओढ्याला निवासी शाळा काढली. आमच्या मठातली संध्याकाळची मौन बैठक त्यांनी शाळेत नेली. जेवणाआधी घंटा होते, आणि अख्खी शाळा मांडी घालून, डोळे मिटून बसते. कुणी खोकत नाही की कूस बदलत नाही. लांबलांबून लोक बघायला येतात, फोटो काढून नेतात. सरांना याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! नुसते चालत आले तरी कळायचं, शांततेचे मालक आले.

मी मठातच असतो. पूर्वी एसटीत कंडक्टर होतो. ‘आत सरका, बसून घ्या’ यापलीकडं उभ्या आयुष्यात काही बोललो नाही. निवृत्त झालो, बायको गेली, आणि इथं येऊन राहिलो. त्या दुपारी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, म्हणून हे सगळं कानावर पडलं. नसतं पडलं तर मी जरा जवळ सरकलो असतो.

सर बोलत होते ते त्यांच्या मुलीबद्दल. कस्तुरी तिचं नाव. असेल नऊ-दहा वर्षांची. अंगणात चिंचेखाली उभी होती. दोन्ही हात मनगटापासून फडफडवत होती, पुढं-मागं झुलत होती, आणि तोंडानं एकसारखी गुणगुण चालली होती.

सरांची बायको लतिका खांबाशी उभी होती. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं घरूनच बजावून आणल्यासारखी.

“बाबा, थट्टा नका करू,” सर म्हणाले. “गेल्या आठवड्यात शाळेची पाहणी होती. मोठे साहेब आले होते. सगळी शाळा बसली. सगळी! आणि माझीच मुलगी…”

“काय केलं तिनं?”

“झुलायला लागली. गुणगुणायला लागली. घंटा झाली तशी कान दाबून किंचाळली. साहेब माझ्याकडं बघतच राहिले.”

“आणि तू?”

“मी काय करणार? मान खाली घातली.”

“बरं. साहेब तुझ्याकडं बघत होते, तू जमिनीकडं. पोरीकडं कोण बघत होतं?”



“मी,” लतिका म्हणाली.

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा सरांकडं.

“आता माझ्याकडून काय हवंय?”

“तिला इथं ठेवायला आणलंय.”

“ठेवायला?”

“वर्षभर तुमच्या सहवासात राहू द्या. इथली बैठक तिच्या अंगवळणी पडेल. शांत होईल. मी झालो तशी.”

लतिकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण आवाज तिनं हलू दिला नाही.

“मला गाडीत बसल्यावर कळलं, बाबा. दर्शनाला चाललोय म्हणाले होते. पिशवी जड लागली म्हणून उघडली, तर तिचे सगळे कपडे. स्वेटरसुद्धा. म्हटलं, ऐन उन्हाळ्यात स्वेटर कशाला? तेव्हा सांगितलं यांनी.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. माणसानं शिकावं, मोठं व्हावं, पण इतकंही नको की पोटच्या पोरीचं स्वेटर बायकोपासून लपवून पिशवीत भरावं. रागच आला मला.

बाबांना राग आला की ते हळू बोलतात. आता हळूच बोलले.

“डॉक्टरला दाखवलंय?”

“दाखवलं,” सर म्हणाले. “त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला नाव असतं. स्वमग्नता म्हणाल्या. ऑटिझम.”

“पुढं काय म्हणाल्या?”

सरांनी हात झटकला. त्यांना त्या पुढच्यात रस नव्हता.

“तू सांग गं,” बाबा लतिकाला म्हणाले.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार नाही औषधानं जाणारा. हिची घडणच अशी आहे. तुम्हा-आम्हाला जो आवाज नुसता आवाज वाटतो, तो हिच्या अंगावर येतो. झुलली, हात हलवले की तिचा जीव ठिकाणावर येतो, तर तेवढं तिला करू द्या. घंटेच्या आधी सांगत जा. कान झाकू द्या. शाळेत एखादी शांत खोली असू द्या, घाबरली की तिथं जाऊन बसेल. आणि पुन्हा या, म्हणाल्या. आईबापांनी कसं वागायचं, शिक्षकांनी कसं वागायचं, ते सगळं शिकवतात तिथं.”

“मग? गेलात?”

“मी म्हटलं, जाऊ. हे म्हणाले, गरज नाही.”

“बाबा, तुम्हीच सांगा,” सर उसळून म्हणाले. “माझी शाळा शांततेसाठी प्रसिद्ध आहे. त्या शाळेत शांत खोली वेगळी कशाला हवी?”

बाबांना ठसका लागला. हसू होतं की ठसका, मला कळलं नाही. मी पाणी दिलं.

“ती डॉक्टरीण शिकलीय का रे?”

“हो. पुष्कळ शिकलेल्या आहेत.”

“याच विषयात?”

“याच विषयात.”

“मग तिला सोडून माझ्याकडं काय करतोयस? मी चौथीतून पळालो. का पळालो सांगू? बसवत नव्हतं.”

सर कसंनुसं हसले. त्यांना वाटलं, बाबांची नेहमीची गंमत.

“बाबा, अभ्यासानं सगळं साधतं हे तुमच्याकडूनच शिकलो मी. तिचा अभ्यास मी घरी सुरू केलाय. रोज सकाळी बसवतो तिला.”

“कसं बसवतोस?”

लतिका पुढं आली आणि जमिनीवर बसली. तिनं हवेतच दोन हात पुढं केले, आणि कुणाची तरी मनगटं धरावीत तशी मुठी आवळल्या.

“असं,” ती म्हणाली. “पाटावर समोर बसवतात. दोन्ही हात घट्ट धरतात. तिचं अंग हलायचं थांबेपर्यंत सोडत नाहीत. सुरुवातीला रडायची. आता रडत नाही.”

“बघा,” सर म्हणाले, “फरक पडलाय.”

“आता जेवत नाही नीट,” लतिका म्हणाली. “झोपेतून दचकून उठते. मनगट चावते स्वतःचं. इथं, जिथं हे धरतात तिथंच.”

अंगणातून तेवढी गुणगुण येत होती.

बाबा उठले. गुडघ्यावर हात रोवून, कण्हत, जसे ते रोज उठायचे तसे.

“बैठकीला बसशील ना आज?”

“म्हणजे काय बाबा, बसणारच.”

“माझ्यासमोर बस.”

सरांचा चेहरा उजळला. बाबांसमोरची जागा मिळणं म्हणजे आमच्यात मोठाच मान.

“आणि कस्तुरी? तिला बाहेर ठेवू? बैठक मोडेल ती.”

“तिला मोकळी सोड. जिथं जाईल तिथं जाऊ दे.”

…

दिवस कलला. गाय घरी आली. आम्ही मठातली माणसं सभामंडपात आपापल्या आसनावर बसलो.

आमच्या बैठकीची एक रीत आहे. प्रत्येकाकडं गोमुखी असते. म्हणजे जपमाळ झाकायची कापडी पिशवी. उजवा हात तिच्यात घालायचा आणि आतल्या आत मणी ओढत राहायचं. जप कुणाला दिसू नये, त्याचं प्रदर्शन होऊ नये, म्हणून ही पिशवी. बाहेरून बघणाऱ्याला माणूस दगडासारखा बसलेला दिसतो.

सरांची गोमुखी भगव्या कापडाची, त्यांच्या आईनं शिवलेली. काठाचे धागे निघाले होते इतकी वापरलेली. बाबांनी अनुग्रह दिला त्या दिवसापासून ती त्यांच्या हाताला होती. ते बाबांसमोर बसले, पाठ ताठ केली, आणि हात पिशवीत घालणार तोच बाबा म्हणाले,

“ती दे इकडं.”

“काय?”

“गोमुखी. माळेसकट.”

सरांनी दिली. बाबांनी ती आपल्या मांडीखाली सरकवली.

“आता बस. शांत.”

सर किंचित हसले. हे काय, एवढंच? असं ते हसू होतं. डोळे मिटून घेतले.

बाबांनी त्या दिवशी घंटा वाजवू दिली नाही. नुसता हात वर केला. बैठक सुरू झाली.

कस्तुरी भिंतीच्या कडेकडेनं मंडपात आली. दाराशी बसलेली लतिका दचकून उठायला लागली, तर बाबांनी तिला हातानंच बस म्हटलं. पोरगी मधल्या खांबापर्यंत गेली, खांबाला पाठ लावली आणि झुलायला लागली. गुणगुण चालूच.

मी डोळे किलकिले ठेवले होते. कंडक्टरची सवय, जात नाही. कोण कुठं बसलंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

थोडा वेळ गेला. सरांच्या उजव्या हाताचा अंगठा हळूच बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. एक पेर, दुसरं पेर, तिसरं.

“बोटं,” बाबा म्हणाले.

अंगठा थांबला.

मग मांडीखालून पायाचा अंगठा हलायला लागला. त्याच लयीत.

“पाय.”

तोही थांबला.

मग ओठ. आवाज नाही, नुसती थरथर.

“ओठ, विश्वंभर.”

सरांच्या कपाळावर घाम आला. श्वास मोठा झाला. आणि मला कळलंच नाही, माझाही जीव कासावीस व्हायला लागला. सहज खाली बघितलं, तर गोमुखीत माझा हात भराभरा चालला होता.

“बाबा,” सर डोळे न उघडता पुटपुटले, “मन ठरत नाहीये. माळ द्या. माळेशिवाय…”

बाबा पुढं वाकले आणि सरांचे दोन्ही हात मनगटाला धरले. म्हातारा दिसतो मोडका, पण गाय दोहणारा हात आहे तो. घट्ट धरले.

सर बसून राहिले. मान ताठ, जबडा आवळलेला. एकदा हात सोडवायला बघितला, सुटला नाही. मग नुसतेच बसले. हात नाही, पाय नाही, ओठ नाही, जप नाही. करायला काहीच नाही.

…

आणि तेव्हा त्यांच्या कानांना ऐकू आलं.

आम्हाला दुपारपासून ऐकू येत होतं खरं. पण नुसती गुणगुण म्हणून. त्यात शब्द असतील असं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. येणार तरी कसं? आम्ही सगळे देवाचं नाव घेण्यात गुंतलेलो. सरांच्या चेहऱ्याकडं बघून मी माळ थांबवली आणि कान दिला.

खांबाला पाठ लावून, पुढं-मागं झुलत, ती पोर म्हणत होती…

“हलू नको. कस्तुरी, हलू नको. शाब्बास. हलू नको. कस्तुरी, हलू नको.”

आवाज तिचा. बोलण्याची ढब सगळी सरांची. तो ‘शाब्बास’ तर जसाच्या तसा शाळेच्या मैदानावरून उचललेला. आणि प्रत्येक ‘हलू नको’ला ती हलत होती. त्याच शब्दांचा आधार धरून हलत होती. तेवढंच होतं बिचारीपाशी धरायला.



“सोडा,” सर म्हणाले.

बाबांनी सोडलं नाही.

“बाबा, सोडा मला… सोडा!”

हिसडा मारून त्यांनी हात ओढून घेतले. आवाज मंडपभर घुमला. त्या मंडपात एवढ्या मोठ्यानं कुणी ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. कस्तुरीनं कान दाबले आणि खांबाच्या बुंध्याशी अंग चोरून बसली.

बाबा शांतपणे म्हणाले,

“बैठक मोडलीस तू, विश्वंभर. आता तुला कुठं ठेवायला न्यायचं?”

एरवी आम्ही हसलो असतो. कुणी हसलं नाही.

सर आपल्या मनगटांकडं बघत होते. बाबांच्या बोटांचे लाल ठसे उठले होते.

“ती माझंच बोलणं म्हणतेय,” ते म्हणाले.

“हं.”

“कधीपासून?”

ते कुणाला विचारत होते कोण जाणे. उत्तर लतिकानं दिलं.

“तुम्ही पाटावर बसवायला लागलात तेव्हापासून. झोपेतसुद्धा म्हणते.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की. तुम्ही जपाला बसला होता.”

सरांनी तोंडावर हात घेतला. शाळेतली एवढी मुलं ज्यांच्या नजरेला घाबरून बसायची, तो माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला.

“मला वाटायचं, ती माझं ऐकत नाही,” ते म्हणाले. “बाबा… मला वाटायचं, ती मुद्दाम करते.”

बाबांनी समजूत घातली नाही. मांडीखालची गोमुखी काढून सरांच्या पुढ्यात ठेवली.

“घे तुझी. जपात वाईट काही नाही. तुझा जीव त्यानं ठिकाणावर राहतो, मला माहीत आहे.”

मग खांबाकडं हनुवटी करून म्हणाले,

“फक्त तिला पिशवी कुणी शिवून दिली नाही.”

सर उठले. तडक मुलीकडं निघाले, हात पुढं करून.

“हात धरू नका तिचा,” लतिका दारातून म्हणाली. “आत्ता नको. लांबच बसा. तिला वाटलं तर येईल.”

सर जागच्या जागी थांबले. बायकोचं असं ऐकून थांबलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघितले. खांबापासून हातभर अंतरावर ते फरशीवरच बसले. आसन नाही, ताठ पाठ नाही. काय करायचं तेच त्यांना कळत नव्हतं. कस्तुरीनं कानांवरचे हात हळूहळू काढले आणि पुन्हा झुलायला लागली.

सर बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. आणि बघता बघता त्यांचंही अंग हलायला लागलं. आधी थोडंसं. मग चांगलंच. पुढं… मागं. पुढं… मागं. ते मुद्दाम करत होते की आपोआप होत होतं, देव जाणे.

पोरीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडं बघितलं.

“शाब्बास,” ती म्हणाली.

त्यात अर्थ होता की नुसताच तोंडात बसलेला शब्द, ते मी कसं सांगू? सरांनी मात्र तो घेतला. दोन्ही हातांनी घ्यावा तसा घेतला. खाली मान घालून हसलेही, रडता रडता.

लतिका दारात बसून दोघांना बघत होती. तिच्या पदराला माझ्या शेंगांची टरफलं चिकटली होती. तिला त्याचं भान नव्हतं.

…

सकाळी ती कपड्यांची पिशवी सरांनी स्वतः उचलून गाडीत ठेवली. मला फार बरं वाटलं. मीच उचलणार होतो, मुद्दाम उचलली नाही.

बाबा गोठ्यात गाईला वैरण घालत होते. सर तिथं गेले. मागून मीही गेलो, गोठ्यात मला काहीतरी काम होतंच.

कस्तुरी गाईपासून थोड्या अंतरावर उभी राहून तिच्या रवंथ करणाऱ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. स्वतःचंही तोंड तसंच हलवत होती.

“बाबांच्या पाया पड,” असं सर सवयीनं म्हणाले. ती हलली नाही. सरांनी दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

“परवा साताऱ्याला जातोय,” ते बाबांना म्हणाले. “डॉक्टरीणबाईंकडं. दोघंही जातोय.”

“चांगलं.”

“शाळेतली ती भांडाराची खोली रिकामी करून घेतो. तिथं आवाज कमी असतो. लागेल त्या मुलानं जाऊन बसावं.”

“हं.”

“बैठक बंद करू का, बाबा?”

“कशाला? तिनं काय वाकडं केलंय? ज्याला बसावंसं वाटतं त्याला बसू दे.”

“आणि ज्याला वाटत नाही?”

“त्याला विचार.”

“काय विचारू?”

“मला काय विचारतोस? मी आहे का तुझ्या शाळेत?”

सर गोठ्याच्या खांबाला टेकले. रात्रभर झोपले नसावेत. पण चेहरा मोकळा दिसत होता.

“बाबा, इतकी वर्षं मुलं माझ्यासमोर डोळे मिटून बसतायत. त्यांना आत काय होतं, मी एकालाही विचारलं नाही. एक मुलगा होता, बैठकीत रोज नखं कुरतडायचा. मी त्याला रांगेत मागं बसवला. दिसू नये म्हणून. शाळाच सोडून गेला पुढं… का गेला असेल?”

बाबांनी वैरणीची पेंढी सोडली.

“गाव ठाऊक आहे त्याचं?”

“ठाऊक आहे.”

“मग वाटेत लागतं का बघ.”

गाडीत बसलेल्या लतिकानं हाक मारली. उन्हं चढायच्या आत निघायचं होतं. सरांनी मुलीकडं पाहिलं. हात धरायला पुढं झाले नाहीत. आधी तिच्यापासून थोड्या अंतरावर खाली बसले आणि म्हणाले,

“कस्तुरी, आता आपण गाडीत बसायचं. गाडी सुरू होताना आवाज होईल. मग आपण घरी जायचं.”

ती गाईकडंच बघत होती. सर थांबले. त्यांना थांबणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं. बोटं पेरांवर धावत होती. धावू देत म्हटलं. थोड्या वेळानं ती वळली, दोन्ही हातांनी कान झाकले, आणि आपल्या पायांनी गाडीकडं चालू लागली.

“आवाज होईल,” ती म्हणाली. “घरी जायचं.”

काल आल्यापासून ‘हलू नको’ आणि ‘शाब्बास’ सोडून दुसरं काही तिच्या तोंडून निघालेलं मी ऐकलं ते हेच. सरांनी बाबांकडं असं बघितलं, की काय विचारता! जणू ती पहिली आली होती वर्गात.

मग ते वाकले, बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. उठले, तरी पाय निघेना. गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

“एकच सांगा, बाबा. गावाला ठाऊक आहे मी हिला मठात ठेवायला आणलं ते. आता तिलाच घेऊन परत चाललोय. साहेब विचारतील. पालक विचारतील, सर, तुमच्या त्या शिस्तीचं काय झालं? चौकाचौकात विचारतील, सरांना असं झालं तरी काय? मी काय सांगू त्यांना?”

बाबा गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बघत होते गाडीकडं, कस्तुरी खिडकीशी झुलत होती.

…

“सांग, सरांनी गुरू बदलला.”